चष्म्यातलं अंगण



मज्जारज्जूच्या इजेनंतरचं पुनर्वसन आणि त्यात आभासी वास्तव, म्हणजे आपण ज्याला व्हीआर म्हणतो, त्यावर मी या परिषदेत बोलणार असं कळल्यावर एका ज्येष्ठ सहकाऱ्याने मला विचारलं, ‘पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो. तिथे या व्हीआरच्या चष्म्याचं काय घेऊन बसलात?’ प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मला एका रुग्णाने शिकवलं.

गडचिरोलीच्या भामरागड तालुक्यातला माडिया आदिवासी तरुण. मधाचं पोळं काढायला झाडावर चढला, फांदी मोडली आणि पाठीवर आदळला. गावकऱ्यांनी माणुसकीने धावत येऊन हातापायाला धरून उचललं, खाटेवर घातलं आणि खाट खांद्यावर घेऊन नाला पार केला. पाठीचा मणका मोडलेला असेल तर माणसाला ओंडक्यासारखा, डोकं-मान-कंबर एका रेषेत ठेवून वळवायचं असतं, हे त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. दूरच्या शहरात शस्त्रक्रिया झाली. सुटी देताना हातात व्यायामाचा कागद दिला, तो इंग्रजीत. पाच महिन्यांनी तो माझ्यासमोर आला तेव्हा कमरेखाली हालचाल नव्हती, आणि माकडहाडावर माझी मूठ बसेल एवढी जखम होती.

पहिले कित्येक आठवडे आम्ही फक्त त्या जखमेसाठी झटलो. दर दोन तासांनी कूस बदलायची. दर चार ते सहा तासांनी नळी घालून लघवी काढायची. त्याच्या बायकोने हे सगळं आठवड्याभरात आत्मसात केलं, आणि नळी धुण्यात तिचा हात माझ्या शिकाऊ विद्यार्थ्यांपेक्षा स्वच्छ होता. हे आधी सांगतो, कारण ज्या विभागात हवेची गादी नाही आणि कूस बदलायला माणूस नाही, त्या विभागाने व्हीआरचा हेडसेट विकत घेऊ नये. हे माझं ठाम मत आहे.

जखम भरली, तो बसायला लागला. तोवर एका देणगीदाराकडून आमच्याकडे हेडसेट, म्हणजे हा चष्मा, आला होता. कमरेखाली ताकद नसलेल्या माणसाला बसल्या जागी तोल सांभाळणं नव्याने शिकावं लागतं. हात पुढे केला की धड कोसळतं. म्हणून चष्म्यातला खेळ असा होता की दोन्ही बाजूंच्या झाडांवरची सफरचंदं वाकून तोडायची. त्याने पाचसात मिनिटं तोडली आणि चष्मा काढून ठेवला. बायकोने दुभाष्याचं काम केलं: ‘हे झाड आमच्याकडचं नाही म्हणतात.’

चैत्राचे दिवस होते. दुसऱ्या खेपेला ती टोपलीभर मोहफुलं घेऊन आली. आम्ही ती गादीच्या दोन्ही अंगांना पसरली. तो डावीकडे वाकला, हातावर रेलला, फूल उचललं, सावरला, टोपलीत टाकलं. मग उजवीकडे. दोनदा पडला आणि हसत उठून बसला. अर्धापाऊण तास थांबलाच नाही. खोलीभर मोहाचा तो गोड, जड वास भरला होता.

त्या दिवशी मला वाटलं, झालं, यंत्राची गरजच संपली. आज तसं वाटत नाही. टोपलीला न जमणारी काही कामं चष्मा करतो. एक म्हणजे मोजमाप: माणूस किती झुकला, किती वेळा, कालच्यापेक्षा किती जास्त. दुसरं, सराव. मज्जारज्जूचे काही तंतू शाबूत असतील तर तीच हालचाल शेकडो वेळा केल्यावर मेंदू आणि मज्जारज्जू नवी वाट शोधू शकतात. भिंतीकडे तोंड करून शेकडो वेळा हात उचलणं कोणालाही नकोसं होतं; खेळात तेच सुसह्य होतं. तिसरं काम वेदनेचं. ज्या पायांना स्पर्शही कळत नाही, तेच पाय रात्री निखाऱ्यांवर ठेवल्यासारखे जळतात. रुग्णाने हे सांगितलं तर नातेवाइकांना खोटं वाटतं. 2007 मध्ये मोझली या वेदना-संशोधकाने कमरेखाली लुळ्या झालेल्या पाच जणांसमोर आरसा ठेवला. वर त्यांचंच धड दिसत होतं आणि खाली पडद्यावर चालणारे पाय. मेंदूला आपण चालतोय असं वाटलं आणि वेदना उतरली. आज व्हीआरमधून हेच करून पाहता येतं.

2016 मध्ये ब्राझीलमधून मेंदूशास्त्रज्ञ निकोलेलिस यांच्या गटाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आठ रुग्ण, बारा महिने. मेंदूच्या लहरींनी व्हीआरमधली आकृती चालवायची आणि जोडीला चालवणारी यंत्रं. सगळ्यांना इजेच्या पातळीखाली थोडीफार संवेदना आणि काही स्नायूंवर ताबा परत मिळाला. पण रुग्ण आठच होते, तुलनेला दुसरा गट नव्हता, आणि यश चष्म्याचं किती, यंत्रांचं किती, हे वेगळं काढता येत नाही. म्हणून उद्या कोणी विक्रेता तुमच्या दारात ‘लुळा माणूस चालायला लागतो’ असं म्हणत आला तर त्याला बसूही देऊ नका.

मित्रहो, मला सर्वांत जास्त भीती याच गोष्टीची वाटते. चष्म्यात स्वतःचे पाय चालताना पाहून माझ्या रुग्णाचे डोळे भरून आले होते. चष्मा उतरवला आणि त्याने विचारलं, ‘कधी?’ त्याची इजा पूर्ण होती, म्हणजे इजेखाली ना हालचाल होती, ना संवेदना. खरं उत्तर मला चष्मा चढवण्याआधी द्यायला हवं होतं, ते मी नंतर दिलं. ती माझी चूक होती. तेव्हापासून आधी बोलतो: हे वेदनेसाठी आहे, तोलासाठी आहे, तुम्ही चालाल असं वचन यात नाही. आणि हे रुग्णाच्या भाषेत, माडियात किंवा गोंडीत सांगणारं माणूस शेजारी असल्याशिवाय मी चष्मा हातात घेत नाही.

आणखी एक धोक्याची सूचना, खास नव्या सहकाऱ्यांसाठी. इजा छातीच्या सहाव्या मणक्याला किंवा त्याच्या वर असेल आणि खेळता खेळता रुग्णाचं डोकं एकाएकी ठणकू लागलं, कपाळाला घाम आला, तर ती चष्म्याची भोवळ समजू नका. चष्मा काढा, ताठ बसवा, कपडे सैल करा, लघवीची नळी तुंबली आहे का पाहा. अशा वेळी रक्तदाब झपाट्याने चढतो आणि त्यात जीव जाऊ शकतो.

न चालता माणूस कुठवर जातो, हे या मातीला कोणी वेगळं सांगायला नको. वरोऱ्याच्या आनंदवनात बाबा आमटेंची पाठ मज्जारज्जूच्या इजेने गेलेली नव्हती, पण मणक्यांच्या झिजेमुळे त्यांना बसता येत नसे. उभं राहायचं, नाही तर आडवं व्हायचं. त्याच पाठीनिशी 1985 च्या डिसेंबरात ते कन्याकुमारीहून काश्मीरकडे भारत जोडो यात्रेला निघाले. सांगलीचे मुरलीकांत पेटकर 1965 च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झाले. उपचार म्हणून पाण्यात उतरले आणि 1972 मध्ये हायडेलबर्गला पॅरालिम्पिकचं सुवर्णपदक घेऊन आले, भारताचं पहिलं. माझा रुग्ण आज गावात घरासमोरच्या मांडवात बसून बांबूच्या टोपल्या विणतो. व्हीलचेअर अंगणापर्यंत जाते, पुढच्या चढावर मात्र चाक रुततं. तो चढ आम्ही आधी पाहिला असता तर तशा चढावर चाक मारायचा सराव इथेच करून घेतला असता.

आणि तो चढ आधी दाखवण्याची सोय या चष्म्यात आहे. आपल्याकडे येणारा रुग्ण उंचावरून पडलेला असतो, मोटारसायकलवरून पडलेला असतो, चंद्रपूरच्या कोळसा खाणीत छत कोसळून सापडलेला असतो. त्याला सफरचंदाच्या बागेचा उपयोग नाही. त्याचं अंगण, हापशाकडे जाणारी वाट, उंबरठ्याची उंची, बाजाराच्या दिवशीची गर्दी, हे त्याला घरी जाण्याआधी इथे बसून अनुभवता आलं पाहिजे. चष्म्यात दाखवता येईल असं सगळ्या बाजूंचं चित्र टिपणारा कॅमेरा आज एका चांगल्या मोबाइलच्या आसपासच्या किमतीत मिळतो. गावोगावच्या आरोग्यसेविका आशाताईंना तो एका दुपारी शिकवता येईल.

म्हणून या परिषदेकडे माझं एकच मागणं आहे. येत्या मोहाच्या हंगामाआधी गडचिरोली आणि चंद्रपूर या दोन्ही जिल्ह्यांतल्या प्रत्येक तालुक्यातून एका रुग्णाचं घर, अंगण आणि वाट, त्याच्या आणि घरच्यांच्या संमतीने, चित्रित करून द्या. कॅमेरा माझ्याकडे आहे. आजच्या जेवणाच्या सुटीत मी तो दाराजवळच्या टेबलावर ठेवतो आहे. पहिलं नाव कोणत्या तालुक्याचं लिहू, ते मला तिथे येऊन सांगा.