नाटेकर पितापुत्र आणि टेनिस

गोंदिया जिल्ह्यांतील शाळकरी मुलाला कबड्डी अंगणांत भेटते, क्रिकेट मैदानांत. टेनिस मात्र बहुधा वृत्तपत्राच्या पानावरच. मोठ्या शहरांपासून दूरच्या घरांना हा खेळ परका वाटावा यांत नवल नाहीं. म्हणूनच सांगलीस जन्मलेल्या एका खेळाडूच्या घरीं या खेळाचें काय झालें, हें ऐकण्यासारखें आहे.

नंदू नाटेकर यांचा जन्म १९३३ चा. बॅडमिंटनमधील त्यांची कीर्ति सर्वश्रुत आहे. पण त्यापूर्वीं ते टेनिस खेळत, हें फारसें कोणास आठवत नाहीं. १९५१-५२ च्या सुमारास कुमारांच्या राष्ट्रीय स्पर्धेंत त्यांची गांठ रामनाथन् कृष्णन् यांच्याशीं पडली. कृष्णन् वयानें चार वर्षांनीं लहान. तरी नाटेकर हरले. (हाच मुलगा पुढें १९६० व १९६१ सालीं विम्बल्डनच्या उपान्त्य फेरीपर्यंत जाईल, हें तेव्हां कोणास ठाऊक असणार !) नाटेकरांनीं टेनिसची रॅकेट खालीं ठेवली ती ठेवलीच. १९५६ सालीं मलायांतील सेलांगोर स्पर्धा जिंकून परदेशांत बॅडमिंटनचें विजेतेपद मिळविणारे ते पहिले भारतीय ठरले.

त्यांचे चिरंजीव गौरव यांनीं मात्र वडिलांनीं सोडलेलाच खेळ उचलला. वडिलांचा काळ हौशी खेळाडूंचा. खेळांत हार झाली तरी पोट त्यावर अवलंबून नसे. मुलाचा काळ धंदेवाईक टेनिसचा. येथें गुणानुक्रम ठरतो तो गेल्या बावन्न आठवड्यांतील गुणांवरून. वर्षापूर्वीं मिळविलेले गुण मुदत संपतांच गळून पडतात, आणि तेवढेच पुन्हा कमवावे लागतात. लहान स्पर्धांचें बक्षीस तुटपुंजें; प्रवास, मुक्काम, शिक्षक यांचा खर्च बहुधा खेळाडूच्याच पदरीं. पहिल्या फेरींत हरलेल्यास तो हिशेब बरोबर घेऊनच पुढच्या गांवीं जावें लागतें. या रहाटगाडग्यांत गौरव यांना जगांतील अग्रगण्य खेळाडूंत स्थान लाभलें नाहीं. तेवढ्यावरून त्यांची कारकीर्द मोजणें मात्र अन्यायाचें होईल. १९९४ सालीं हिरोशिमा येथील आशियाई क्रीडास्पर्धांत त्यांनीं लिअँडर पेस यांच्यासह पुरुष दुहेरीचें सुवर्णपदक जिंकलें. सांघिक सुवर्णपदकहि भारतालाच मिळालें, आणि त्या संघांतहि ते होते.

अर्जुन पुरस्कार १९६१ सालीं सुरू झाला. त्या पहिल्याच वर्षींच्या मानकऱ्यांत नंदू नाटेकर होते. १९९६ चा अर्जुन पुरस्कार गौरव यांना टेनिससाठीं मिळाला. तो सन्मान पाहावयास वडील होते. त्यांचें निधन पुण्यास २८ जुलै २०२१ रोजीं झालें.