दप्तरातल्या पुठ्ठ्यापासून फोमपर्यंत

ग्रुपवर मी शिवलेल्या बॅगांचे फोटो बघून संयोजकांनी मला बजावलं, ‘कॉम्प्युटरवर बोलू नकोस, बॅगांवर बोल.’ बरं वाटलं. कॉम्प्युटरवर मी रोजच बोलते, आणि तिथे इतकं शांतपणे कोणी ऐकत नाही!

आपली दप्तरं आठवतात का? माझं दप्तर आई घरी शिवायची. अडीच फुटी रुळांवरच्या आपल्या नॅरोगेजने बार्शीला जाऊन जाड कापड आणायची. तळ लोंबू नये म्हणून आत पुठ्ठा घालायची. पहिल्या पावसात पुठ्ठ्याचा लगदा व्हायचा. मग रविवारी नवा पुठ्ठा.

त्या पुठ्ठ्याचं काम आता फोम करतो. बॅगेसाठी साधारण ४ ते ६ मिलिमीटर जाडीचा फोम मिळतो. तो हलका असतो, वाकवला तरी परत सरळ होतो आणि पाण्याने त्याचा लगदा होत नाही. त्यातला एक प्रकार इस्त्रीने चिकटणारा. त्याच्या एका किंवा दोन्ही बाजूंना उष्णतेने वितळणारा गोंद असतो. हात फिरवला की ती बाजू खरखरीत लागते. ती कापडाच्या उलट्या बाजूला लावायची, वरून ओलसर सुती फडकं घालायचं आणि इस्त्री टेकवायची. ढकलायची नाही! ढकलली की कापड सरकतं आणि सुरकुती कायमची बसते. दहा-पंधरा सेकंद टेकवायची, उचलायची, पुढे ठेवायची. मग पूर्ण गार होईपर्यंत हात लावायचा नाही, कारण गोंद पकड घेतो तो गार होताना.

फोम कापडापेक्षा चारही बाजूंनी एक सेंटिमीटर कमी कापायचा. नाहीतर शिलाईत फोमवर फोम येतो आणि कोपऱ्यात सुई मोडते. सुई १६ नंबरची, टाका थोडा मोठा. टाचण्यांऐवजी कपडे वाळत घालायचे चिमटे लावले तरी चालतात. पुण्यात रविवार पेठेत हे सगळं सामान मिळतं.

हे सगळं मला पाठ होतं, तरीही माझ्या हातून चूक झाली. तेच सांगायला मी उभी आहे.

माझी मुलगी यंदा इंजिनिअरिंगला हॉस्टेलवर गेली. तिच्या लॅपटॉपला आजीच्या साडीचं कव्हर करायचं मी ठरवलं. आई जाऊन तीन वर्षं झाली. लोकांचे ब्लाऊज शिवून माझी फी भरताना ती जी साडी नेसायची, ती निळी, बारीक फुलांची साडी मी जपून ठेवली होती. पदराचा तुकडा कापला, फोमवर ठेवला आणि इस्त्री टेकवली. साडी सिंथेटिक होती. फडकं उचललं तर फुलं आक्रसून गोळा झालेली.

ऑफिसात चाचणी केल्याशिवाय मी कोणाला एक ओळ पुढे जाऊ देत नाही. आणि इथे, जे पुन्हा मिळणार नव्हतं त्यावर, बोटभर तुकडा आधी तपासून बघितला नाही. त्या रात्री मी मशीन झाकून ठेवलं.

दोन दिवसांनी अंगावर आजीची वाकळ ओढली तेव्हा सुचलं. जुन्या लुगड्यांचे थर, आणि सगळे धरून ठेवलेले निव्वळ धावदोऱ्याने. गोंद नाही, इस्त्री नाही. कार्यानुभवाच्या तासाला बाईंनी आपल्याकडून हाच धावदोरा उसवून उसवून परत घालून घेतला होता. मग साधा, न चिकटणारा फोम घेतला. वर साडी, खाली सुती अस्तर, आणि बोट-बोट अंतरावर हाताने धावदोरा. चार संध्याकाळी लागल्या, पण साडीला धग लागली नाही. आता चिकटणारा फोम वापरला तरी मी वरून शिलाया मारतेच, कारण वाकवून-वाकवून गोंद कधीतरी सुटतो, टाका धरून ठेवतो.

आक्रसलेला तुकडा फेकला नाही. कव्हरच्या आत चार्जरचा खिसा केला. मुलीने विचारलं, ‘हा असा का?’ तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, ‘राहू दे, मला हाच आवडला.’

तेव्हा मैत्रिणींनो, घरात आईची, सासूबाईंची साडी कपाटात पडून असेल तर जरूर काहीतरी शिवा. फक्त आधी काठाजवळचा एक तुकडा इस्त्रीखाली तपासून बघा. कटिंगचे कागद मी सोबत आणलेत, जेवणानंतर घेऊन जा.

आणि सर्व गुरुजनांसाठी एकेक चष्म्याचं घर शिवून आणलंय. बाई, टाके तपासा. वाकडे असतील तर सांगा, उसवून परत घालते.