शिक्षेबाबत काय म्हणणे आहे?



आपण मला जालना जिल्ह्याच्या या वकील परिषदेचं अध्यक्षपद दिलंत. वयामुळे दिलंत की बाकीच्यांनी नको म्हटलं म्हणून, हे मी विचारणार नाही. यजमान मंडळींनी सोय चोख ठेवली आहे. दुपारी ठेचा जपून खा, कारण त्यानंतर एक सत्र बाकी आहे.

पत्रिकेत माझ्या भाषणाचा विषय ‘नव्या फौजदारी संहिता : एक आढावा’ असा छापलाय. आढावा घेतो. १ जुलै २०२४पासून खुनाच्या ३०२ चं १०३ झालं, २३५ चं २५८ झालं आणि ३५४ पोटकलम ३ आता ३९३ पोटकलम ३ झालं. जुन्यांची जीभ अजून ३०२ वरच अडकते आणि नवे ज्युनिअर आम्हाला दुरुस्त करतात. फाशी जिथे होती तिथे राहिली, काही नव्या ठिकाणीही आली. झाला आढावा.

आता मला बोलायचंय ते २३५ पोटकलम २ वर. नव्या भाषेत २५८ पोटकलम २. दोष सिद्ध झाला की न्यायाधीशांनी शिक्षेबाबत आरोपीचं म्हणणं ऐकायचं, एवढंच ते कलम सांगतं. गेली वीस वर्षं मी हे बोलायचं म्हणतोय. दरवेळी कुणीतरी म्हणायचं, ‘साहेब, अध्यक्ष झालात की बोला.’ आज झालो.

काल संध्याकाळच्या परिसंवादात आपले दोन मित्र फाशीवरून असे भांडले की माइक बंद करावा लागला. एकाने कोपर्डीचं बलात्कार-खुनाचं प्रकरण काढलं. २०१६ च्या जुलैत ती पोर गेली, पुढच्या महिन्यात औरंगाबादेतून मूक मोर्चे निघाले आणि त्यांत आपल्या जिल्ह्यातली किती घरं चालली हे इथे बसलेल्यांना सांगायला नको. नोव्हेंबर २०१७ मध्ये अहमदनगरच्या सत्र न्यायालयाने तिघांना फाशी सुनावली. ‘त्या आईबापांपुढे उभं राहून फाशी नको म्हणून दाखवा,’ असं आपले मित्र म्हणाले. दुसऱ्याने बाबासाहेब काढले. ३ जून १९४९ ला संविधान सभेत बाबासाहेबांनी फाशीच रद्द करावी असं सुचवलं होतं, हे खरं आहे. मग पहिल्याने विधी आयोगाचा १९६७ चा ३५ वा अहवाल काढला, त्यात फाशी ठेवा म्हटलंय. दुसऱ्याने २०१५ चा २६२ वा काढला, त्यात दहशतवाद आणि देशाविरुद्ध युद्ध सोडून बाकी सगळीकडची काढा म्हटलंय. दोघांचीही तयारी उत्तम होती, पण दोघांनाही मी एकदा शिक्षेच्या सुनावणीला पाहिलंय. तिथे एकाचीही तयारी नव्हती.

धाकाचं आधी निपटतो. फाशीने धाक बसतो म्हणणाऱ्यांना मी माझ्या एका अशिलाचं उत्तर देतो. बांधाच्या भांडणात सख्ख्या चुलत्यावर कोयता चालवलेला माणूस. जेलमध्ये भेटीला गेलो तेव्हा विचारलं, ‘फाशी होईल असं वाटलं नाही का रे?’ म्हणाला, ‘वकीलसायेब, कोयता हातात आला तवा माजं मलाच कळंना, कायद्याचं कुठून कळंल?’ पस्तीस वर्षांत मला या उत्तराहून वेगळं उत्तर मिळालेलं नाही. आणि फाशी क्रूर म्हणणाऱ्यांनी हेही ऐकावं. खून झालेल्या एका मुलीचा बाप निकालानंतर पायरीवर मला भेटला. मी आरोपीचा वकील. तो शिवी देईल असं वाटलं होतं. तो एवढंच म्हणाला, ‘तुमाला पोरगी हाय का?’ आहे म्हटलं. तो निघून गेला. त्या माणसाला द्यायचं उत्तर आजही माझ्यापाशी नाही.

मी मूळचा परतूरचा. १ मे १९८१ ला जालना जिल्हा झाला, त्याआधी परतूर परभणीत होतं. गाडीत बसलं की सातोना, सेलू आणि मग मानवत रोड. बाहत्तरच्या दुष्काळात आयाबाया खडी फोडायला जात आणि त्याच सुमाराला मानवतला बायका आणि पोरी एकामागून एक मारल्या जाऊ लागल्या. धनासाठी, मूल व्हावं म्हणून, पिंपळाखालच्या देवाला बळी, असल्या गोष्टी आमच्या कानावर येत. मी नऊ-दहा वर्षांचा असेन. दिवेलागणीनंतर आई मला अंगणातही जाऊ देत नसे. मुंबईहून रमाकांत कुलकर्णी तपासाला आले तेव्हा आमच्या आळीत त्यांचं नाव देवासारखं घेतलं गेलं. आरोपींना भर चौकात फासावर द्या, असं आमच्या घरात रोज जेवताना बोललं जाई आणि मीही मान हलवायचो. १९८३ च्या नोव्हेंबरात येरवड्याला जोशी-अभ्यंकर खून खटल्यातल्या चौघांना फाशी झाली, तेव्हा मी कायद्याच्या पहिल्या वर्षाला होतो. वसतिगृहात पेपर मोठ्याने वाचून दाखवणारा मीच होतो.

पण मानवतचं खरं महत्त्व मला वकिली सुरू केल्यावर कळलं. मानवतचं अपील यायच्या आधी, १९७६ मध्ये, पंजाबातल्या संतासिंगच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालय म्हणालं होतं की शिक्षेची सुनावणी म्हणजे दोन वाक्यांचा युक्तिवाद नव्हे. आरोपीचं वय, घर, शिक्षण, मनाची स्थिती, सुधारण्याची शक्यता हे सगळं पुराव्यासकट समोर आणायची ती संधी आहे, आणि ती दिली नसेल तर खटला खाली परत पाठवा. पुढच्याच वर्षी मानवतचं अपील आलं. न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूडांच्या निकालाने सांगितलं, सुनावणी हवीच, पण प्रत्येक वेळी खाली पाठवायची गरज नाही. वरचं न्यायालयही ती संधी देऊ शकतं. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. वर बसलेले न्यायमूर्ती कागद मागतील, ऐकतील. पण आमच्या मुलखातल्या, आमच्याच भीतीतून निघालेल्या खटल्यातून जो दरवाजा उघडला, त्यातून आम्ही वकील मंडळी आळशीपणाने आत शिरलो. खाली नाही बोललो तरी वर कुणीतरी बोलेल. वर कोण बोलणार? वरचा वकील आरोपीच्या गावात कधी आलाच नाही. गाव आपल्याकडे आहे.

१९८० मध्ये बच्चनसिंगच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयात चार विरुद्ध एक अशा मताने फाशी टिकली, पण दुर्मिळातल्या दुर्मिळ गुन्ह्यालाच, असं ठरलं. न्यायमूर्ती भगवतींनी विरोधी मत दिलं. तेवढं सगळ्यांना पाठ आहे. त्याच निकालात हेही आहे की आरोपी सुधारणार नाही, हे सरकार पक्षाने पुराव्याने दाखवायचं. किती जणांनी सरकार पक्षाकडे हा पुरावा मागितला? हात वर करा म्हणत नाही, अवघड होईल.

आपण काय करतो ते सांगतो, कारण मीही तेच केलंय. न्यायाधीश विचारतात, ‘शिक्षेबाबत काय म्हणणे आहे?’ आपण उभे राहतो. ‘आरोपी गरीब आहे, घरात कर्ता एकटाच आहे, म्हातारी आई आहे, लहान लेकरं आहेत, दया व्हावी.’ आरोपीला लेकरं नसली तरी आपण लेकरं म्हणतो. रोजनाम्यात एक ओळ जाते आणि सगळे चहाला निघतात.

वकिलीच्या सहाव्या-सातव्या वर्षी मला एका खुनाच्या खटल्यात सरकारी खर्चाने नेमलं. पोरगा दगडफोडीचं, विहिरीचं काम करणारा. दोष सिद्ध झाला. मी तेच वाक्य म्हटलं, ‘लहान लेकरं’ सकट. त्याचं लग्नही झालं नव्हतं. जन्मठेप झाली, फाशी झाली नाही यात माझं कर्तृत्व शून्य. बाहेर आलो तर त्याची आई भिंतीला टेकून बसलेली. अडीच वर्षं दर तारखेला ती तिथे बसायची, फडक्यात भाकर बांधून. मला पाहून उठली नाही. म्हणाली, ‘त्याच्या बापाचं सांगितलं का तुमी? हिरीत सुरुंग उडाला तवा ह्यो काठावर व्हता. सात वर्साचा. तवापासून त्याला रातीला झोप न्हाई, मदीच किंचाळत उठतो. डोस्क्याला दगूड लागल्याला, अजून खोक हाय.’ मी विचारलं, आधी का नाही सांगितलंत? ती म्हणाली, ‘तुमी इचारलं न्हाई.’

अडीच वर्षं ती माझ्यापासून दहा पावलांवर बसली होती. मी तिला रोज बघत होतो, रामराम करत होतो. आणि काल व्यासपीठावरून आपण क्रौर्य, प्रतिशोध, सुधारणावाद असले शब्द वापरत होतो!

आता भोकरदनच्या माणसांचा खटला. नावं घेणार नाही. ज्याच्या नावाने तो खटला कायद्याच्या अहवालांत छापलाय, तो माणूस निर्दोष आहे, आणि आपण मात्र अजून त्याच्या नावाने फाशीचा दाखला देतो. ५ जून २००३ च्या रात्री नाशिकजवळ एका मळ्यात एकाच घरातली पाच माणसं मारली गेली, बायकांवर अत्याचार झाले. आपल्या भोकरदनकडचे सहा जण पकडले गेले, भटक्या जमातीतले, मजुरी करणारे. जून २००६ मध्ये सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी दिली. मार्च २००७ मध्ये उच्च न्यायालयाने तिघांची कायम ठेवली, तिघांची जन्मठेप केली. ३० एप्रिल २००९ ला सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशी दिली. सहांमधला एक गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता हे फाशी कायम झाल्यावर निष्पन्न झालं. मग ५ मार्च २०१९ ला त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. वाचलेल्या बाईने सुरुवातीलाच पोलिसांच्या अल्बममधून चार वेगळीच माणसं ओळखली होती, त्यांचा तपास झालाच नव्हता. गरीब, भटके म्हणून यांना गुंतवलं गेलं असण्याची शक्यता नाकारता येत नाही, असं न्यायालयाने लिहिलं आणि प्रत्येकी ५ लाख द्यायला सांगितले. तोवर अटकेला जवळपास १६ वर्षं होत आली होती. आणि त्या बाईचं काय? तिचं घर उद्ध्वस्त करणारे कोण, याचं उत्तर तिला त्या निकालातही मिळालं नाही. फाशीच्या बाजूच्या मित्रांनी हा निकाल तिच्या बाजूने वाचावा, मग बोलावं.

मी त्या खटल्यातल्या वकिलांना दोष देत नाही. त्यांच्या जागी असतो तर मीही ‘लहान लेकरं’च म्हटलं असतं. पण अल्पवयीन पोराचं वय इतक्या उशिरा निष्पन्न व्हावं? हे कायद्याचं गूढ नाही. आईला विचारायचा प्रश्न आहे, ‘हा कधीचा?’ दुष्काळाच्या आधीचा की नंतरचा, कोणत्या सरपंचाच्या वेळचा, पाठची बहीण कोणत्या इयत्तेत. आपल्या जिल्ह्यातली कोणतीही बाई दहा मिनिटांत वय सांगेल. तेवढं मिळालं की शाळेचा दाखला, लसीचं कार्ड शोधायला जागा मिळते.

काल एका मित्राने मला थेट विचारलं, तुम्ही फाशीच्या बाजूचे की विरोधातले? २०१९ पासून विरोधातला. पण माझं मत बदललं म्हणून जालन्यात कुणाचा जीव वाचणार नाही.

२०२२ मध्ये मनोजच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की फाशीची शक्यता असेल तिथे खालच्या न्यायालयानेच आरोपीची सगळी माहिती आधी गोळा करावी, आणि त्याच्या मनाची तपासणी सरकार पक्षाने मांडावी. तीन वर्षं होऊन गेली. आपल्या किती ज्युनिअरांनी तो निकाल वाचलाय? त्यासाठी काहीतरी करावं म्हणतो. एक नमुना वही करू, आईला, मास्तरांना, मुकादमाला काय विचारायचं त्याची. प्रत्येक तालुक्याला एक माणूस असावा. मानसोपचाराचा एखादा डॉक्टर तयार होईल का ते पाहू. समिती नेमू, नावं नंतर ठरवू. खर्चाचं कोषाध्यक्षांशी बोलतो, ते आत्ताच खाली बघताहेत.

माझ्यापुरतं सुरू केलंय. एक खटला चालू आहे, म्हणून कोर्ट, गाव काही सांगत नाही. वकीलपत्र घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी आरोपीच्या घरी गेलो. आईला विचारलं, हा जन्मला कुठं? ती म्हणाली, रस्त्याच्या कामावर, पालात. कुठला रस्ता? आठवेना. बराच वेळ विचार करून म्हणाली, ‘उजव्या अंगाला तळं व्हतं आन् डांबर पहिल्यांदाच पडत व्हतं.’ त्या सुमाराला कोणकोणत्या रस्त्यांवर पहिलं डांबर पडलं, यासाठी मी अर्ज केलाय. इथे बसलेल्यांपैकी कुणाच्या गावच्या रस्त्याला तळं लागत असेल, तर जेवणाच्या सुट्टीत मला भेटा.