नातवंडांचे प्रश्न आणि प्राचीन इतिहास
(वर्धापनदिन समारंभात केलेले भाषण)



या मंगल प्रसंगी आम्हां निवृत्त परिचारिकांना दोन शब्द बोलण्याची संधी दिलीत, याबद्दल आभारी आहोत. विषय मात्र औषधपाण्याचा नाही. ११ ते १४ वर्षांच्या नातवंडांना प्राचीन इतिहासाची ओळख कशी करून द्यावी आणि त्यात आपण सबा-सावतांनी काय करावे, हे सांगायचे आहे.

युरोपात जुन्या काळी शिक्षणाच्या तीन पायऱ्या मानत: व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व. इंग्रज लेखिका डोरोथी सेयर्स यांनी १९४७ साली ऑक्सफर्ड येथील व्याख्यानात या पायऱ्या मुलांच्या वयाशी जोडून दाखवल्या. लहान मूल पोपटासारखे पाठ करते. तेव्हा त्याला गोष्टी, नावे, सनावळ्या द्याव्यात. मग उलट उत्तरे देण्याचे वय येते. तेव्हा तर्क शिकवावा. त्यानंतर आपले म्हणणे नीटनेटके मांडायला शिकवावे.

पहिली पायरी आपल्याला परकी नाही. पाढे आणि कविता आपण घोकूनच शिकलो. १८८०च्या सुमारास आपल्या समाजात मराठी कीर्तने सुरू झाली आणि बायबलमधील कथा आपल्या वाडवडिलांच्या कानांवरून मनात उतरल्या. अडचण येते ती दुसऱ्या पायरीवर. तेरा वर्षांचा नातू विचारतो, "हे खरे कशावरून?" आपण म्हणतो, "गप्प बस, मोठ्यांना उलट बोलू नये." तो गप्प बसतो आणि फोनला विचारतो. फोन उत्तर देतो, पण कोणाचे किती मानावे हे शिकवत नाही. एकदा त्याने आपल्याला विचारणे सोडले की पुन्हा तो विचारील याचा भरवसा नाही.

म्हणून एक उदाहरण देतो. इ. स. पूर्व ७०१ साली अश्शूरचा राजा सन्हेरीब यहूदावर चालून आला. त्या वेळी यरुशलेमात हिज्कीया राजा होता. '२ राजे' या ग्रंथाच्या १८ व १९ या अध्यायांत आपण वाचतो की हिज्कीयाने ३०० किक्कार चांदी आणि ३० किक्कार सोने दिले. पुढे एका रात्रीत देवदूताने अश्शूरच्या छावणीतील १,८५,००० माणसे मारली. सन्हेरीबाने मातीच्या प्रिझमवर स्वतःचा पराक्रम कोरून घेतला. त्याची एक प्रत यरुशलेमच्या इस्राएल म्युझियममध्ये आहे. त्यात ४६ तटबंदीची शहरे जिंकल्याचे आणि हिज्कीयाला यरुशलेमात कोंडल्याचे लिहिले आहे. सोने तेच ३०, चांदी मात्र ८००. आणि यरुशलेम जिंकले, असे कोठेही नाही! तिसरा साक्षीदार ग्रीक इतिहासकार हिरोडोटस. सुमारे अडीचशे वर्षांनी त्याने इजिप्तमध्ये ऐकलेली हकीकत लिहिली: सन्हेरीबाच्या सैन्याचे भाते, धनुष्ये आणि ढालींच्या मुठी उंदरांनी रात्रीत कुरतडल्या आणि सैन्य पळाले.

हॉस्पिटलात रोग्याची माहिती घेण्याला 'हिस्टरी घेणे' म्हणतात, हे तुम्हांला ठाऊक आहेच. बेशुद्ध रोगी आला की आम्ही त्याच्या बायकोला विचारत असू, बरोबर आलेल्या शेजाऱ्याला विचारत असू, जुना केसपेपर पाहत असू. तिन्ही माहिती कधीच पूर्ण जुळत नसे. म्हणून कोणाला खोटारडे ठरवत नसू. कोणी स्वतः पाहिले, कोणी नुसते ऐकले, कोण काय लपवतो, एवढे पाहायचे. नातवंडांनाही हेच चार प्रश्न द्यावेत: कोणी सांगितले? केव्हा? कशासाठी? काय सांगायचे टाळले?

उंदीर म्हटले की आपल्याला १८९६चा मुंबईचा प्लेग आठवतो. छावणीत प्लेगच आला असावा, असा तर्क काही अभ्यासकांनीही केला आहे. पण परिचारिका म्हणून आम्ही सांगू, ही शक्यता झाली, निदान नव्हे. हिरोडोटसाने कुरतडलेले भाते सांगितले, ताप किंवा गाठी नाहीत. हा फरक तेराव्या वर्षी समजला, तर तो जन्मभर कामी येतो.

अशा प्रश्नांनी श्रद्धा डळमळेल का, अशी शंका कोणी घेईल. पेसाहच्या रात्री घरातल्या सर्वांत लहान मुलाकडूनच आपण चार प्रश्न वदवून घेतो. प्रश्नाची भीती आपल्या परंपरेने कधी बाळगली नाही. येथे तर वैऱ्याच्या फुशारकीतूनही शहर वाचल्याचेच दिसते.

तेव्हा आमची विनंती एवढीच. नातवंडांना लाखीशला घेऊन जा. सन्हेरीबाच्या सैन्याने वेढ्यासाठी रचलेला दगडमातीचा उतार तेथे आजही दिसतो. त्याच लढाईची कोरीव चित्रे निनवेच्या राजवाड्यात होती. ती आता लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. चित्रांचे फोटो बरोबर न्या आणि मुलांनाच ताडून पाहू द्या. घरी आल्यावर तिसरी पायरी: पाच मिनिटे उभे राहून त्यांनी हकीकत सांगावी, आपण मध्ये न बोलता ऐकावी. ती हिब्रूत सांगतील; आपण शंका मराठीत विचाराव्यात. दोन्ही भाषा घरात नांदतील.

आपले सिनेगॉग असेच भरभराटीला येवो आणि येथे प्रार्थनेच्या आवाजाबरोबर मुलांचे प्रश्नही ऐकू येवोत, ही देवाजवळ प्रार्थना. शालोम.