सर्दीची साथ आणि दम्याचा विकार
(शिक्षक व पंचायत सदस्यांपुढील भाषण)



आपला हिंगोली जिल्हा हळदीच्या पिकासाठी ख्यातनाम आहे. हळद शिजवून वाळविल्यानंतर पॉलिश करताना तिची धूळ दूरवर उडते. सोयाबीनच्या मळणीत भुसकट उडते आणि पावसाळ्यात गाजरगवत फुलोऱ्यावर येते. धूळ व परागकण यांनी दमा बळावतो, हे आपणांस ठाऊक आहेच. परंतु शाळकरी मुलांच्या दम्याच्या झटक्यामागे पुष्कळदा साधी सर्दी असते, याकडे आपले लक्ष जात नाही.

इंग्लंडमध्ये 9 ते 11 वर्षे वयाच्या मुलांची पाहणी करण्यात आली. तिचे निष्कर्ष 1995 साली प्रसिद्ध झाले. दमा बळावण्याच्या सुमारे 80 टक्के प्रसंगी विषाणू आढळले व त्यांत सर्दीचा रायनोव्हायरस प्रमुख होता. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या मँचेस्टर येथील अभ्यासाने याहून महत्त्वाची गोष्ट दाखविली. अ‍ॅलर्जीची प्रकृती, त्या पदार्थाशी संपर्क आणि विषाणूचा संसर्ग ही तिन्ही कारणे एकत्र आली, तर दम्याच्या मुलास रुग्णालयात दाखल करावे लागण्याचा संभव सुमारे 19 पटींनी वाढतो.

असे का व्हावे? अ‍ॅलर्जीमुळे श्वासनलिकेचे अस्तर आधीच सुजलेले असते. विषाणूला अटकाव करणारे इंटरफेरॉन अशा अनेक रुग्णांत कमी व उशिरा तयार होते. विषाणूने ग्रासलेल्या पेशी जे रासायनिक संदेश सोडतात, ते इओसिनोफिल या पांढऱ्या पेशींना चेतवून अ‍ॅलर्जीचा दाह वाढवितात. अशा रीतीने एक विकार दुसऱ्यास बळ देतो. नलिका आकुंचन पावतात, कफ दाटतो आणि मुलाला धाप लागते.

यावरून आपले कर्तव्य स्पष्ट होते. प्रतिजैविक औषधांनी विषाणू मरत नाहीत; तेव्हा प्रत्येक सर्दीला त्यांचा आग्रह धरू नये. डॉक्टरांनी दाह शमविणारे श्वासावाटे घ्यावयाचे औषध रोज घेण्यास सांगितले असेल, तर बरे वाटताच ते परस्पर बंद करू नये. पंपाची सवय जडते, हा समज निराधार आहे. जून महिन्यात शाळा उघडून मुले एकत्र येतात व सर्दी पसरते. त्यापूर्वीच दम्याच्या मुलांची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात करून घ्यावी.

शिक्षकांनी अशा मुलांची नोंद ठेवावी व तातडीचा पंप त्यांच्या हाताशी राहू द्यावा. पंचायतींनी गाजरगवत फुलोऱ्यापूर्वी उपटावे, हळद पॉलिशची यंत्रे शाळा व वस्तीपासून दूर ठेवण्याची व्यवस्था करावी आणि उघड्यावर कचरा जाळू देऊ नये.

एक सूचना मात्र सर्वांनी ध्यानात ठेवावी. मुलाला सलग वाक्य बोलता येत नसेल, श्वास घेताना बरगड्यांमधील जागा आत ओढली जात असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता त्यास तत्काळ रुग्णालयात न्यावे. त्या वेळी दवडलेला अर्धा तासही जिवावर बेतू शकतो.