माझी हेराल्ड आणि नव्वद नंबरचं तेल

(गेल्या गणेशोत्सवात ‘माझा छंद’ या कार्यक्रमात केलेले भाषण. स्मरणिकेसाठी थोडे नीट करून दिले आहे.)



मला सांगण्यात आलं आहे की वीस मिनिटं बोला, आणि कृपा करून बँकेवर बोलू नका. म्हणून गाडीवर बोलतो. बी विंगच्या जिन्याशेजारी ताडपत्रीखाली जी पांढरी गाडी आहे, तिच्यावर. आपली मुलं तिला मिस्टर बीनची गाडी म्हणतात. ती मिनी. ही स्टँडर्ड हेराल्ड, १९६५ सालची, दोन दारांची. मी ती १९८४ साली बँकेतल्याच एका वरिष्ठांकडून घेतली. त्यांची दिल्लीला बदली झाली होती आणि वहिनींनी सांगितलं होतं की ही गाडी आली तर मी येणार नाही.

मूळ गाडी इंग्लंडची. कॉव्हेंट्रीच्या स्टँडर्ड-ट्रायम्फ कंपनीने १९५९ साली ट्रायम्फ हेराल्ड बाजारात आणली. रूप दिलं मिकेलोत्ती या इटालियन माणसाने. तिची एक गंमत आहे. त्या वेळी बाकीच्या कंपन्या अख्खी बॉडी एकसंध करू लागल्या होत्या, पण यांना बॉडी बनवून देणारा कारखाना प्रतिस्पर्धी कंपनीने विकत घेतला. मग यांनी वेगळी चासी ठेवली आणि वर बॉडीचे भाग नटबोल्टने जोडले. अडचणीतून काढलेली ही वाट परदेशात गाड्या जोडायला मात्र फार सोयीची ठरली. १९६१ पासून ती मद्रासला स्टँडर्ड नावाने तयार होऊ लागली. इंजिन ९४८ सीसी, म्हणजे आजच्या लहानात लहान गाडीएवढंच.

घरी दुरुस्ती करणाऱ्याला या गाडीसारखी दुसरी गाडी नाही. बॉनेट मडगार्डसकट अख्खंच्या अख्खं पुढे उलटतं. इंजिन, रेडिएटर, स्टिअरिंग, पुढची दोन्ही चाकं, सगळं उघडं. चक्क पुढच्या टायरवर बसून काम करता येतं. माझी कंबर अजून शाबूत आहे ती त्यामुळेच. आणि ही वळते २५ फुटांत. आपल्या पार्किंगमध्ये मोठ्या गाड्या पुढे-मागे पुढे-मागे करत असतात आणि वॉचमन शिट्ट्या मारत असतो, तेव्हा मी एका दमात वळून बाहेर पडतो. हे मी गर्वाने सांगतो.

आता मुख्य गोष्ट. १९८९ सालापर्यंत मी गाडीला हात लावत नव्हतो. ऑफिसरने गाडी गॅरेजला द्यावी आणि बिल चुकतं करावं, अशी माझी समजूत होती. त्या वर्षी आम्ही चौघं वाईला निघालो. ही, मी आणि मागच्या सीटवर दोन्ही मुलं. खंबाटकी घाट पार केला, सुरूर फाट्याला चहाला थांबलो. चहा झाला, गाडी मागे घेतली, स्टिअरिंग पूर्ण वळवलं, आणि कट्ट असा आवाज होऊन पुढचा डावा कोपरा खाली बसला. उतरून पाहतो तर चाक मडगार्डखाली पाय मुडपल्यासारखं आडवं झालेलं. वेग किती, तर माणूस चालतो तेवढा. हॉटेलवाला म्हणाला, “साहेब, हेच घाटात झालं असतं तर?” ही एक शब्द बोलली नाही. टेम्पो ठरवून गाडी पुण्याला आणली, आणि रात्री घरी आल्यावर तिने एवढंच विचारलं, “ही गाडी कुणी तपासली होती?”

तपासली होती गॅरेजने, आठच दिवसांपूर्वी. बिलावर ‘ग्रीसिंग’ असं स्वच्छ लिहिलेलं होतं, आणि घोटाळा नेमका त्याच शब्दात होता.

या गाडीच्या पुढच्या प्रत्येक चाकामागे एक उभा पोलादी दांडा असतो. त्याच्या खालच्या टोकाला आटे असतात आणि ते टोक ट्रनियन नावाच्या पितळी ठोकळ्यात बसतं. स्टिअरिंग वळवलं की दांडा त्या आट्यांतच फिरतो. पुढच्या बाजूचा भार या जागेवर येतो. कंपनीचं पुस्तक स्पष्ट सांगतं की इथे ग्रीस नाही, गियर ऑइल घाला, नव्वद नंबरचं. पण निपल दिसलं की ग्रीसगन लावायची, ही आपल्याकडची रीत. ग्रीस आट्यांमध्ये नीट पोचत नाही, वाळून घट्ट होतं. मग पावसाचं पाणी शिरतं, दांडा आतून गंजतो, आणि एक दिवस आट्यांपाशीच तुटतो. बाहेरून काही दिसत नाही. पुस्तक माझ्या कपाटात पाच वर्षं पडून होतं. मी ते उघडलंच नव्हतं. दुसऱ्याच्या कर्ज-प्रकरणातला प्रत्येक कागद वाचणारा माणूस मी!

दांडे आणि ट्रनियन पुण्यात मिळेनात. नाना पेठेतली दुकानं पालथी घातली. शेवटी १९९० साली एलएफसी घेऊन कन्याकुमारीला जायचं ठरवलं आणि वाटेत मद्रासला दोन दिवस मुक्काम ठेवला. बायकोला सांगितलं मरीना बीच, आणि मी गेलो पुदुपेटला. गाड्यांच्या भागांचा तो बाजार ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगून कळायचा नाही. मला तामिळ येत नाही, दुकानदाराला हिंदी येत नव्हतं. मी कागदावर चित्र काढलं. त्याने माळ्यावरून न वापरलेले भाग काढून दिले, मी पैसे दिले, आणि लॉजवर येऊन पाहतो तर दोन्ही एकाच बाजूचे. उजव्या चाकाचे आटे उजवे असतात आणि डाव्याचे डावे, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पुदुपेट. मरीना बीच राहिला तो राहिलाच. तो पुढे मुलीने तिला दाखवला. पोलादाची ती पुरचुंडी कन्याकुमारी करून टॉवेलात गुंडाळून पुण्याला आली.

बसवताना आमच्या जुन्या वाड्यातले, एसटी वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एक मामा मदतीला होते. दांडा ठोकळ्यात शेवटपर्यंत फिरवायचा आणि मग एक फेरा पुरा होऊ न देता मागे घ्यायचा, म्हणजे दोन्हीकडे वळायला जागा राहते, हे त्यांनी शिकवलं. दुसरं शिकवलं ते असं, की नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली बाप बोलावत असला तरी जायचं नाही. आधी घोडी लावायची, गाडी हलवून बघायची, मग आत शिरायचं. आपल्याकडे तरुण मंडळी पंक्चर काढताना जॅकवरच्या गाडीखाली हात घालताना दिसतात, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

तेव्हापासून ही कामं मीच करतो. पावसाळ्याआधी एकदा आणि दिवाळीच्या सुमारास एकदा ट्रनियनचा स्क्रू काढायचा, तिथे निपल लावायचं, गनमध्ये नव्वद नंबरचं तेल भरून वरच्या बाजूने तेल दिसेपर्यंत दाबायचं, निपल काढून स्क्रू परत लावायचा. दोन्ही चाकांचं मिळून अर्धा तास. सीबी पॉइंटची फट पंधरा थाऊ. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. टॅपेटची फट दहा थाऊ, तीही इंजिन थंड असताना. टॅपेट सेटिंग हे तर बँकवाल्याचं काम आहे. व्हॉल्व्ह आठ. आठवा पूर्ण उघडला की पहिला सेट करायचा, सहावा उघडला की तिसरा, चौथा उघडला की पाचवा. बेरीज नेहमी नऊ. मला हे कळलं त्या दिवशी बॅलन्सशीट पहिल्या फटक्यात जुळल्याचा आनंद झाला होता.

त्या सगळ्याचं रजिस्टर ठेवलं आहे. तारीख, किलोमीटर, काम, आणि शेवटचा रकाना ‘तपासले’. बँकेत एकाने नोंद करायची आणि दुसऱ्याने तपासायची असते. स्वतःची नोंद स्वतः पास करता येत नाही. सुरूरच्या त्या प्रश्नानंतर तो रकाना हिचा झाला. काम संपलं की ही टॉर्च घेऊन खाली यायची, मी एकेक नट सांगायचा आणि ती पाना लावून बघायची. दोनदा तिने सैल नट पकडला आहे. एकदा तर चाकाचा.

२०११ च्या वार्षिक सभेत ‘पार्किंगमधील निकामी वाहने हटविणे’ असा विषय आला, तेव्हा मला फार राग आला होता. सभा संपल्यावर रात्री साडेदहाला मी गाडी काढून बिल्डिंगला तीन फेऱ्या मारल्या. हॉर्नसुद्धा वाजवला. त्याबद्दल आज सर्वांची माफी मागतो. तेलाचे डाग पडतात हा आक्षेप मात्र खरा होता. आता खाली भुश्याचा ट्रे असतो.

२०२१ साली ही गेली. रजिस्टरमध्ये त्यानंतर दोन वर्षं कामं लिहिलेली आहेत आणि शेवटचा रकाना कोरा आहे.

मग २०२३ साली दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी तक्रार केली की खिडकीत पेट्रोलचा वास येतो. मी म्हटलं, जुन्या गाडीला थोडा वास असतोच. त्यांनी लेखी तक्रार दिली. मी चिडून, काही नाही हे सिद्ध करायलाच बॉनेट उघडलं. पंपापासून कार्बुरेटरकडे जाणारी रबरी नळी बोटाने दाबली तर लोण्यासारखी मऊ, आणि टोकाला ओल. पेट्रोलमध्ये हल्ली इथेनॉल मिसळतात, ते जुन्या रबराला सोसत नाही. खाली गरम इंजिन, शेजारी अकरा स्कूटर, वर तुमची घरं. मी त्याच दिवशी बॅटरीची वायर काढली, नाना पेठेतून इथेनॉलला टिकणारी नळी आणली, पंपाचा पडदा बदलला, आणि वहिनींकडे जाऊन सांगितलं की तुमचं बरोबर होतं. पार्किंगमधलं लाल रंगाचं अग्निशामक नळकांडं माझ्या खर्चाने लावलं आहे, कुणीही वापरावं. ज्यांच्याकडे पंधरा-वीस वर्षांची स्कूटर किंवा गाडी असेल त्यांनीही आपली पेट्रोलची नळी एकदा बघून घ्यावी.

वहिनींनी चहा दिला आणि विचारलं, “काका, नवीन नळी नीट बसली हे कोण बघणार?” त्यांची मुलगी मेकॅनिकल डिप्लोमाला आहे, ती खाली आली. तिला इलेक्ट्रिक गाड्यांतच रस आहे. हेराल्ड बघून ती पोट धरून हसली, पण क्लिप सैल आहे हे तिने पहिल्या मिनिटात सांगितलं. रजिस्टरमध्ये तिची सही घेतली. आता तीच घेतो. माझा हात हल्ली थरथरतो, फिलर गेज दोन टॅपेट झाले की खाली ठेवावा लागतो. पुढचे सहा ती करते आणि मी तपासतो.

दिवाळीचं ट्रनियनचं तेल येत्या रविवारी आहे. सकाळी नऊ वाजता मी खाली असेन. ज्यांना बघायचं असेल त्यांनी यावं, फक्त पांढरे कपडे घालून येऊ नका.