जामीन मंजूर झाला, पण जामीनदार कुठून आणायचा?

आम्ही तुमच्या बचत गटांच्या सहयोगिनी बोलतोय. एरवी या वेळेला आपण हप्ते, व्याज, सुकी मासळी, पापड, नाहीतर बँकेच्या चकरा यांवर बोलतो. आज पोलीस, कोर्ट आणि तुरुंग याबद्दल बोलायचंय. हा विषय आम्ही शोधून काढलेला नाही, तो गटांच्या कर्जवहीतूनच वर आला. वहीत कर्जाचं कारण लिहायचा एक रकाना असतो. औषधपाणी, शाळेची फी, जाळं, होडीच्या इंजिनाची दुरुस्ती, लग्न अशी कारणं तिथं नेहमी दिसतात. मधूनच एखादी ओळ दिसते, ‘कोर्टाचं काम’. तिच्यापुढे पाच हजार, दहा हजार असा आकडा असतो. त्याचं पुढे काय झालं हे विचारायला गेलं की बाई मान खाली घालते.

एका वाडीतली गोष्ट सांगतो. बाईचं नाव आणि गाव सांगत नाही. नवऱ्याला चोरीच्या संशयावरून धरलं. काही दिवसांनी कोर्टानं जामीन मंजूर केला. बाईला वाटलं, सुटला. पण माणूस आणखी दीड महिना आतच राहिला. आदेशात लिहिलं होतं की पंधरा हजारांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार द्यावा. आता जामीनदार म्हणजे काय? ज्याच्या नावावर सातबारा आहे, घरपट्टीची पावती आहे, किंवा पगाराची चिठ्ठी आहे, असा माणूस. काही ठिकाणी तहसीलदाराचा ऐपतीचा दाखलाही मागतात. कातकरी वाडीत हे कुणाकडे आहे? आपल्या रायगडात कितीतरी कातकरी वाड्या दुसऱ्याच्या मालकीच्या नाहीतर वनखात्याच्या जमिनीवर वसलेल्या आहेत. घर स्वतःच्या हातानं बांधलेलं, पण त्याखालची जमीन आपली असल्याचा कागद नाही. सावकाराला जमीन नाही, बँकेला तारण नाही, तसा कोर्टाला जामीनदार नाही. ज्याच्या भावकीत चार सातबारे आहेत, तो त्याच कलमाखाली, त्याच आदेशावर, संध्याकाळपर्यंत घरी जेवायला असतो.

कायदा दोघांना एकच आहे. फरक कागदाचा आहे, आणि कागद पिढ्यानपिढ्या कुणाला मिळाला नि कुणाला मिळाला नाही, याचा आहे.

हे आमचंच म्हणणं आहे असं समजू नका. 1978 साली सुप्रीम कोर्टापुढे मध्य प्रदेशातल्या मोतीराम नावाच्या गवंड्याचं प्रकरण आलं होतं. त्याला जामीन मंजूर होता, पण खालच्या कोर्टानं दहा हजारांचा जामीनदार मागितला. भाऊ उभा राहायला तयार होता, तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून त्याला नाकारलं. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ते चुकीचं ठरवलं आणि एक हजाराच्या जातमुचलक्यावर त्याला सोडायला सांगितलं. गरिबाला त्याच्या ऐपतीबाहेरची रक्कम मागणं म्हणजे जामीन नाकारण्यासारखंच आहे, असा त्या निकालाचा अर्थ. त्याला आता चाळीसहून अधिक वर्षं झाली. आजही सातबारा मागतात.

देशभरातल्या तुरुंगांचा 2022 चा सरकारी अहवाल पाहिला तर दर चार कैद्यांपैकी तीन कच्चे कैदी आहेत. म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही असे. अलिबागला हिराकोटातला तुरुंग आपण येता-जाता बाहेरून बघतो. आंग्र्यांचा तो किल्ला. आत बसलेला प्रत्येकजण गुन्हेगारच असणार असं आपण सहज धरून चालतो. तसं नसतं.

आता दुसरी बाजू. कुणाला धरलं जातं? गावात नारळ गेले, कोंबडी गेली, होडीवरचं जाळं गेलं, की पहिलं बोट कुठल्या वाडीकडे जातं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. ही सवय जुनी आहे. इंग्रजांनी 1871 साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. काही जमातींत जन्माला आलेलं मूलसुद्धा गुन्हेगार. पारधी, कैकाडी अशा कितीतरी लोकांना पोलिसांकडे हजेरी लावायला लागायची. सोलापूरला तर त्यांना तारेच्या कुंपणात ठेवलं होतं, आजही त्या भागाला लोक सेटलमेंटच म्हणतात. 31 ऑगस्ट 1952 ला तो कायदा गेला. म्हणून त्या लोकांना विमुक्त म्हणतात. पण कायदा गेला तरी नजर गेली नाही. तुरुंगाच्या नियमावल्यांतून तर ती अगदी कालपरवापर्यंत छापलेली होती. कुणी झाडायचं, कुणी स्वयंपाक करायचा, हे कैद्याच्या जातीवरून ठरवणारे नियम बऱ्याच राज्यांत होते. सुकन्या शांता या पत्रकार बाईंनी ते बाहेर काढले, कोर्टात गेल्या, आणि 3 ऑक्टोबर 2024 ला सुप्रीम कोर्टानं ते रद्द केले. 2024! आपण चांद्रयानाच्या गप्पा मारत होतो तेव्हा आत जातीवरून झाडू वाटला जात होता.

नजरेचा शेवट कुठवर जाऊ शकतो, त्याचं एक उदाहरण आपल्याच महाराष्ट्रातलं आहे. 2003 साली नाशिकजवळ एका शेतवस्तीवर फार भयंकर गुन्हा घडला. एका कुटुंबातली माणसं मारली गेली, बाईवर आणि मुलीवर अत्याचार झाले. त्यात भटक्या जमातीतल्या सहा मजुरांना पकडलं. त्यांना फाशी झाली, आणि 2009 मध्ये सुप्रीम कोर्टानंही सहाही जणांना फाशीच सुनावली. पुढे दहा वर्षांनी, 5 मार्च 2019 ला, त्याच सुप्रीम कोर्टानं पुन्हा सगळं तपासलं आणि सहाही जणांना निर्दोष सोडलं. जिवंत राहिलेल्या बाईनं आधी पोलिसांच्या फोटोंमधून वेगळीच माणसं ओळखली होती, त्यांचा तपासच झाला नव्हता. सहापैकी एकजण तर गुन्ह्याच्या वेळी अठराच्या आतला होता. सोळा वर्षं गेली. प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई द्यायला कोर्टानं सरकारला सांगितलं. पाच लाखांना सोळा वर्षांनी भागा, वर्षाचे किती होतात बघा. आणि ज्या बाईचं घर उद्ध्वस्त झालं, तिलाही खरा न्याय मिळालाच नाही. खरे गुन्हेगार मोकळे राहिले. चुकीचा गरीब माणूस आत टाकण्यानं बाईचं रक्षण होत नाही, हे आपण बायकांनी तरी ध्यानात ठेवायला हवं.

दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठानं 2016 मध्ये फाशीच्या कैद्यांचा अभ्यास केला. चारातले तीन कैदी गरिबीतले निघाले. श्रीमंत माणूस खून करत नाही असं थोडंच आहे?

हे फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. अमेरिकेत 2010 साली न्यूयॉर्कमध्ये सोळा वर्षांच्या एका काळ्या मुलाला दप्तर चोरल्याच्या आरोपावरून धरलं. जामिनाचे तीन हजार डॉलर घरच्यांकडे नव्हते. खटला न चालताच पोरगा तीन वर्षं तुरुंगात राहिला, त्यातली जवळजवळ दोन वर्षं एकट्याच्या कोठडीत. शेवटी आरोप मागे घेतले. तिथं कातडीचा रंग बघतात, इथं आडनाव आणि वाडी बघतात. तिथल्या इलिनॉय राज्यानं 2023 पासून पैसे भरून जामीन ही पद्धतच बंद केली. म्हणजे बंद करता येते.

एक अवघड गोष्टही बोलायला हवी. आपले बरेच गट दारूबंदीसाठी झटतात, आडवी बाटली करतात. ते बरोबरच आहे, दारूनं काय होतं ते आपण घरात सोसलंय. पण धाडीत सापडतं कोण, याकडेही बघा. पाच लिटरचा कॅन घेऊन बसलेली वाडीवरची बाई सापडते. तिला काळा गूळ नि नवसागर पुरवणारा क्वचित सापडतो. आमचं म्हणणं एवढंच, की अर्ज लिहिताना पुरवठा करणाराचंही नाव लिहा. माहीत सगळ्यांना असतं.

आता कामाचं. वही-पेन घ्या हवं तर.

वकील फुकट मिळतो. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानं बाईला, अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला आणि कोठडीत असलेल्या कुणालाही, उत्पन्न कितीही असलं तरी, सरकारी खर्चानं वकील द्यावाच लागतो. अलिबागला जिल्हा न्यायालयातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तालुक्याच्या कोर्टात तालुका समिती असते. 15100 या नंबरवर फोन करता येतो. ‘फुकटचा वकील काय कामाचा’ असं बाहेरचे लोक सांगतात. कधी कधी ते खरंही असतं, पण तक्रार करून वकील बदलून मागता येतो.

पकडल्यापासून चोवीस तासांच्या आत कोर्टापुढे उभं करायलाच लागतं. सूर्य मावळल्यावर आणि उगवायच्या आत बाईला अटक करता येत नाही. अपवाद असेल तर महिला पोलीस आणि न्यायदंडाधिकाऱ्याची लेखी परवानगी हवी. साक्षीसाठी बाईला चौकीवर बोलवायचं नाही, तिच्या घरी येऊन विचारायचं. तक्रार दिली तर एफआयआरची प्रत फुकट मिळते.

गुन्हा जामीनपात्र असेल आणि आठवडाभरात जामीनदार मिळाला नाही, तर त्या माणसाला गरीब समजून नुसत्या जातमुचलक्यावर सोडायचं, असं कायदाच सांगतो. गुन्हा मोठा असला तरी जामीन मंजूर होऊन सात दिवसांत माणूस बाहेर आला नाही, तर तुरुंगाच्या अधिकाऱ्यानं विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं असतं. महिना झाला तर कोर्ट आपणहून अट सैल करू शकतं. हे सुप्रीम कोर्टानं 31 जानेवारी 2023 ला सांगितलं आहे. वर सांगितलेल्या बाईला हे कुणी सांगितलं नव्हतं. तिनं गटातून कर्ज काढलं आणि कोर्टाच्या आवारात फिरणाऱ्या एका भाड्याच्या जामीनदाराला दिलं. असे लोक खोटे कागद लावतात. पकडले गेले तर आपला माणूस पुन्हा आत, वर नवा गुन्हा.

पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेला कच्चा कैदी त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत राहिला असेल, तर त्याला बाँडवर सोडायची तरतूद जुलै 2024 पासूनच्या नव्या कायद्यात आहे. जन्मठेप-फाशीचे गुन्हे सोडून, आणि एकापेक्षा जास्त खटले नसतील तर. तारखा मोजून ठेवा. मोजायचं काम गटाच्या सचिवांना छान जमतं.

काही गटांनी विचारलं, आम्हीच जामीनदार राहू का? गट म्हणून राहता येत नाही, पण बाई स्वतः राहू शकते. मात्र समजून राहा. माणूस तारखेला आला नाही तर ती रक्कम तुमच्याकडून वसूल होऊ शकते. मुरुडहून अलिबाग पन्नासेक किलोमीटर. एक तारीख म्हणजे दिवसाची मजुरी आणि एसटीचं तिकीट. माणूस पळून गेलेला नसतो, तिकिटाला पैसे नसतात म्हणून तारीख चुकते. तेव्हा गटानं जामिनाऐवजी तिकिटाचा खर्च उचलला तर तो जास्त उपयोगी पडतो, असं आमचं मत आहे.

एका गटात तीन बायका जामीनदार राहायला तयार झाल्या. कागद काढायला घेतले तर तिघींचेही सातबारे नवऱ्याच्या नाहीतर सासऱ्याच्या नावावर. एकीचा नवरा मुंबईला, त्यानं फोनवरच नाही म्हणून सांगितलं. शेवटी चौथ्या बाईची घरपट्टी चालली, कारण ग्रामपंचायतीच्या नोंदीत घर दोघांच्या नावावर होतं. ही नोंद करून घेता येते, ग्रामसेवकाकडे अर्ज द्यायचा असतो. अर्जाचा नमुना आमच्याकडे आहे. पुढच्या मासिक बैठकीला येताना घरपट्टीची पावती घेऊन या, आपण तिथंच भरू.